तिसरी भाकरी

सरांचं नाव मला अजून ठाऊक न्हाई, पण माणूस लई भारी! कॉलेजात माशांच्या रोगांवर संशोधन करतात. बिलोलीजवळच्या आमच्या शेततळ्यावर आले की पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात, जाळ्यातला रोहू उचलतात, कल्ले उघडून बघतात आणि त्यालाच विचारतात, "काय मालक, तब्येत कशी हाय?"

त्या आठवड्यात आमचे मासे मरून राहिले होते. सगळं तळं हातचं जाईल म्हणून बाबांनी घाबरून दुकानातलं औषध आणलं होतं. सरांनी ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला.

"काका, खाद्य किती टाकता?"

"पोटभर! वर उरलेला भात, भाकरी."

"तेच तळाशी सडून राहिलंय. औषध राहू द्या, ताजं पाणी सोडा. आठ दिवस खायला काहीच न्हाई."

बाबांचा चेहरा पडला. दुपारी जेवताना त्यांनी सरांच्या ताटात न विचारता तिसरी भाकरी वाढली. सर हसले, "बघा, आता मलाबी मारून राहिलात!"

नवव्या दिवशी मासे मस्त उसळ्या मारत होते. "आता रोज मूठभरच," असं बाबांना बजावून सर निघाले. बांधावर थांबले, इकडंतिकडं बघितलं आणि खिशातलं चिमूटभर खाद्य गुपचूप पाण्यात टाकलं.

मी बाबांना सांगितलं न्हाई.