दोन कुलपांची पेटी आणि बर्लिनचं तीनचं टर्मिन

बर्लिन बघायचं कधीपासून मनात होतं, पण असं नव्हतं. मनात होतं ते एकटं जायचं, पाठीला सॅक, तिथे भाड्याची सायकल. प्रत्यक्षात मी गेलो ते एक जडशीळ लाकडी पेटी, सामान ढकलायची दोनचाकी आणि चौऱ्याऐंशी वर्षांची घरमालकीण घेऊन.

मी र्युसेल्सहाइमला एका भारतीय हॉटेलात तंदूरवर असतो. गाव सोलापूरकडचं, शिक्षण दहावी, तेही दोन दमांत. एका जागी मी टिकत नाही असं घरचे म्हणतात, पण मोराग आजींच्या वरच्या खोलीत तेरा महिने काढले. आजी स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाच्या. तिकडून इथे कामाला आलेल्या लोकांचं जर्मनीत एक जुनं मंडळ आहे. मुंबईत सातारकरांचं असतं ना, तसंच: वर्षातून एक जेवण, नाच, भाषणं आणि मग वर्षभर रुसवे. त्या मंडळाचे सगळे कागद आणि आठवणीच्या वस्तू आजींच्या तळघरात होत्या. महिनाअखेरीला आजी वृद्धाश्रमात चालल्या होत्या. तळघर रिकामं करणारे लोक पेटी बघून म्हणाले होते, फळ्या चांगल्या आहेत, जाळायला होतील. बर्लिनच्या एका छोट्या संग्रहालयाने ती घ्यायची तयारी दाखवली. टर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, मिळालं सोमवारी दुपारी तीनचं, पुढचं थेट चार महिन्यांनी. सोमवारी आमचं हॉटेल बंद असतं. म्हणजे माझी सुट्टी गेली.

तुम्ही जाणार असाल तर सांगतो: र्युसेल्सहाइमहून फ्रँकफुर्टला लोकल आणि तिथून बर्लिनला वेगवान गाडी, साडेचार तास. महिन्याच्या पासावर वेगवान गाडीत बसता येत नाही, वेगळं तिकीट लागतं आणि ते आधी काढलं तर निम्म्यात मिळतं. जागा राखून ठेवा. आम्ही ठेवली होती, डबा सात. फलाटावर सातच्या जागी उभे राहिलो, तेवढ्यात भोंग्यावर सांगितलं की आज डबे उलटे लागणार. सात नंबर फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. मी पेटी घेऊन पळतोय आणि आजी मागून म्हणतायत, "सँटोश, आडवी करू नकोस, आत काचेचं आहे."

"आत काय आहे ते बघून कापडात गुंडाळायचं होतं ना, आजी."

"मला कसं बघता येईल? दोन कुलपं आहेत. माझ्याकडे एकाची किल्ली."

दुसरी किल्ली अध्यक्षांकडे, अलास्डेर नावाच्या गृहस्थांकडे, बर्लिनमध्ये. मंडळ सुरू झालं तेव्हापासूनची पद्धत: एका माणसाला एकट्याने पेटी उघडता येऊ नये. मी म्हटलं, तुमचा एकमेकांवर भलताच विश्वास. आजी म्हणाल्या, "म्हणूनच टिकलं."

गाडी चाळीस मिनिटं उशिरा. डबा सातमध्ये आमच्या जागेवर एक बाई कुत्रा घेऊन बसलेली. तिला उठवलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू कुत्रा मीच आहे. पेटी दारापाशी ठेवली आणि प्रत्येक स्टेशनाला उठून बाजूला सरकवली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. आजींनी पहिला घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा हात पुढे केला. खिडकीबाहेर पवनचक्क्या आणि शेतं. सुंदर असावीत, मी घड्याळ बघत होतो.

बर्लिनच्या मुख्य स्टेशनावर गाड्या वर आणि खाली दोन्हीकडे लागतात. आम्ही खाली, लोकल वर आणि लिफ्ट बंद. सरकत्या जिन्यावर पेटी मी पोटावर घेतली. संग्रहालय शार्लोटेनबुर्गला, दुसऱ्या मजल्यावर, तिथे लिफ्टच नाही. तीनला पाच कमी असताना आम्ही दारात होतो. अलास्डेर आधीच येऊन खुर्चीत बसले होते, कोट, टाय, गुडघ्यावर किल्ली.

संग्रहालयाच्या बाईंनी पहिलंच वाक्य टाकलं, "पेटी उघडून यादी केल्याशिवाय घेता येत नाही. मी चारला निघते."

आजींनी किल्ली काढली. अलास्डेर हलले नाहीत.

"सभा कुठे आहे? नियमाप्रमाणे पेटी सभेतच उघडते. सभेला तीन सभासद लागतात."

"आहोत की तीन," आजी म्हणाल्या. "तू, मी आणि हाम्बुर्गचा रॉबर्ट."

अलास्डेर हळू म्हणाले, "मोराग, रॉबर्टच्या अंत्यविधीला आपण दोघं एकाच बाकावर बसलो होतो."

आजी खाली बसल्या. "दरवर्षी तीनच खुर्च्या मांडते मी," म्हणाल्या. "सवयीने त्यालाही धरला."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, अहो काका, एवढं ओझं मी काय नियम ऐकायला आणलं? हाणा ना किल्ली. काका म्हणाले, नियम मोडून उघडली तर आतल्या वह्यांना अर्थ काय राहिला. संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. जर्मन माणसाला नियम कोणाचाही चालतो.

"मग मला करून घ्या सभासद," मी म्हटलं. चिडून म्हटलं होतं.

काकांनी खिशातून नियमांचं छोटं पुस्तक काढलं, पानं उलटली, वाचलं. सभासद कोण? तिथे जन्मलेला, तिथल्यांचं मूल, किंवा सभासदाच्या घरात सलग वर्षभर राहिलेला. पूर्वी कुटुंबांबरोबर मोलकरणी, शिकाऊ पोरं यायची, त्यांनाही जेवणाला बसता यावं म्हणून.

"वर्ष झालं याचा पुरावा?" काकांनी विचारलं.

जर्मनीत राहून माणूस दुसरं काही शिको न शिको, पत्त्याची नोंदणी केल्याचा कागद फोनमध्ये ठेवतो. मी काढून दाखवला. काकांनी चष्मा वर करून तारीख वाचली, दोनदा. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी दोन्ही किल्ल्या फिरल्या.

आत नाचाच्या आमंत्रणपत्रिका, त्यांना दोऱ्याने बांधलेल्या, जोडीदाराचं नाव लिहायच्या इवल्या पेन्सिली, मेंढ्याच्या शिंगाची तपकिरीची डबी, फोटो, सभांच्या वह्या. काचेची एक दौत, धड. शेवटच्या वहीत मी मराठीत सही केली. काकांनी पेटीतला दोन कानांचा चांदीचा पेला खिशातल्या व्हिस्कीने भरून आधी मला दिला, मग आजींना.

"आता शेवटचा ठराव. मंडळ विसर्जित करायच्या बाजूने कोण?"

मी आजींकडे बघितलं. आजी म्हणाल्या, "हा पेला दोन्ही हातांनी धरायचा असतो. मी हात कसा वर करू?"

आजींचा हात नाही तर माझाही नाही. काकांनी वर झालेले हात मोजले, म्हणाले, "शून्य."

बाईंनी घड्याळ बघितलं आणि दुसरा फॉर्म काढला: वस्तू संग्रहालयात राहणार, मालकी चालू मंडळाची. दर वर्षी तिघांनी येऊन सही करायची. चारला तीन मिनिटं कमी असताना शिक्का बसला.

बाहेर उभ्याने करीवुर्स्ट, म्हणजे मसाला भुरभुरलेलं सॉसेज, खाल्लं. बसून खाल्लं तर जास्त घेतात. ब्रांडेनबुर्ग गेट बघायला आजींनी टॅक्सीतून पाच मिनिटं दिली. परतीची गाडीही उशिराच.

आता आजी वृद्धाश्रमात आहेत, मी दुसरी खोली शोधतोय. बर्लिन मी बघितलं असं म्हणता येत नाही. पण आजींच्या जागी मला चिटणीस केलंय आणि सभेचा वृत्तांत लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय. काका दर रविवारी फोन करून विचारतात, झाला का. दहावीनंतर मी एवढं कधी लिहिलं नव्हतं. तीन कागद फाडले. चौथ्यावर ठिकाण लिहिलं, वार लिहिला, मग पुढची ओळ: हजर तीन, गैरहजर कोणी नाही.