राजाचं डोकं बिर्गरला

"तुझ्या राजापाशी मी भिजत उभी, आणि तू तिकडे ट्राम हाकत होतास!"

"अगं, बदलीचा माणूस आला नाही. भर रस्त्यात ट्राम सोडून येऊ?"

"मग ट्रामशीच लग्न करायचं होतंस! त्या चौकात मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

हे भांडण मी आमच्या इमारतीच्या धुण्याच्या खोलीत ऐकलं. शेजारचे बिर्गर आणि माय-लिस, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नीट ऐकू यावं म्हणून मी मशीन बंद केलं.

दिवस सहा नोव्हेंबरचा. आमचा राजा गुस्ताव अडॉल्फ याच दिवशी लढाईत पडला. गोथेनबर्ग त्यानं वसवलं, म्हणून त्या दिवशी सगळं गाव केक खातं, वर चॉकलेटचं राजाचं डोकं. बाहेरची माणसं हसतात. हसोत बापडी. बिर्गरला लहानपणी त्याचा बाप चौकातल्या राजाच्या पुतळ्याखाली नेऊन केक खाऊ घालायचा. आता तिथंच उभं राहून बायकोबरोबर खायचा, एवढीच त्याची हौस.

पण माय-लिस बोलली ती बोलली. बिर्गर दरवर्षी तीन केक घ्यायचा. एक पुतळ्याखाली एकटाच खायचा, एक तिला, एक मला. ती केक खायची, पण राजाचं डोकं काढून बशीच्या कडेला ठेवायची. "हा तुझा. तूच खा." बिर्गर पेन्शनीत गेला, गुडघे गेले, काठी आली, तरी निघताना विचारणं सुटलं नाही. "येतेस?"

"नाही."

गेल्या नोव्हेंबरात मात्र ती म्हणाली, "हो पुढे. आलेच."

म्हातारा काठी विसरून निघाला होता, मीच मागून हाक मारून दिली. आणि बाई कुठे? माझ्या स्वयंपाकघरात! बाहेर आडवा पाऊस, आणि ही कॉफीचा दुसरा कप मागतेय.

"अगं, तो वाट बघत असेल!"

"बघू दे. मीही बघितली होती."

"आजारी पडला म्हणजे?"

"लोकरीचं बनियन घालून पाठवलंय."

वेलदोड्याचा बन संपवला, ओठांना रंग लावला, मग कुठे बाईसाहेब उठल्या.

संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात बिर्गर, चिंब भिजलेला, नाक लाल, चेहरा नवरदेवाचा.

"मला वाटलं, नाहीच येत आता. आली! राजा बोटानं जमीन दाखवतो ना, इथे गाव वसवा म्हणून? तर वर बघून म्हणते, 'याचा हातमोजा पडलाय वाटतं.'"

"आणि केक?"

"खाल्ला की. डोक्यासकट! मला विचारलंसुद्धा नाही."

वसंतात तो गेला, झोपेतच. म्हणजे ती त्याची शेवटचीच फेरी. पण त्या संध्याकाळी असं काही कुणाच्या मनात नव्हतं. त्यानं ओला खोका माझ्या हातात दिला, दरवर्षीसारखं बजावलं, "इंगेगेर्ड, कडेनं खात ये, राजा शेवटी," आणि काठी टेकत जिना चढला.