ढोणेच्या गाडीचा डावा टायर

पुण्याची बदली आली तेव्हा युनिटमध्ये सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. कसबा पेठेतल्या माणसाला पुणंच मिळालं, म्हणजे चैनच की! मी फौजेत ड्रायव्हर होतो, तेव्हा लान्स नाईक. त्याआधी दोन हिवाळे बर्फात काढले होते, आसामच्या चिखलातून गाड्या ओढल्या होत्या, आणि अंगावर साधा ओरखडा नव्हता. कपाळावर हा व्रण आहे ना, तो सोलापूर रस्त्यावरचा. लोक कौतुकानं विचारतात, "कुठल्या लढाईतला हो?" मी सांगतो, कुंड्यांच्या लढाईतला. मग ते हसतात, त्यांना वाटतं म्हातारा खोचक बोलतोय.

ही हकिकत माझी नाही, नाईक ढोणेची आहे. दौंडकडच्या एका खेड्यातला, धनगराचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी सीनियर. तो गेल्यावर त्याच्या गावात बोललं गेलं की गाडी पळवत होता म्हणून मेला. ते साफ खोटं आहे. मी त्याच्या शेजारच्या सीटवर होतो.

आमच्याकडे वन-टन गाड्या होत्या. तुम्ही ज्यांना पिकअप म्हणता, तेच वळण: पुढे दोन माणसं, मागे उघडा हौदा. रोज सकाळी फर्स्ट परेड. प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या गाडीचं तेल, पाणी, बॅटरी, हवा तपासायची आणि गाडीपुढे उभं राहून रिपोर्ट द्यायचा. बाकीचे टायरला बुटाची एक लाथ मारून मोकळे होत. ढोणे उकिडवा बसायचा आणि चारही टायरच्या कडेवरून उघडा तळवा फिरवायचा, आतून बाहेरून. मी त्याला म्हणायचो, "ढोणे, म्हैस विकत घेतोयस का?" तो म्हणायचा, "पुणेरी, म्हैस बसली तर उठीवता येती. ह्यो बसला तर आपुनच उठत न्हाय."

टायरमध्ये दोन गोष्टी बघायच्या असतात. रस्त्याला टेकतो तो वरचा नक्षीचा पट्टा, आणि बाजूची भिंत, तिला आम्ही साइडवॉल म्हणायचो. गाडीचं ओझं साइडवॉल पेलते. आमच्या गाड्या महिनोन्‌महिने एकाच जागी उन्हात उभ्या असत, कारण काम कमी आणि गाड्या जास्त. त्यामुळे नक्षी अगदी कोरी करकरीत, आणि आतलं रबर वाळून कडक. आता नियम असा की नक्षी झिजली तरच नवा टायर मिळायचा. न झिजता म्हातारा झालेला टायर नियमात बसतच नव्हता. नियम करणाऱ्याने आयुष्यात कधी टायरला हात लावला होता की नाही, देव जाणे.

त्या वर्षी जनरल साहेबांचं इन्स्पेक्शन लागलं. फौजेबाहेरच्या माणसाला हे प्रकरण कळायचं नाही. पंधरा दिवस आधीपासून सगळं युनिट रंगाच्या डब्यात बुडतं. झाडांना गेरू, दगडांना चुना, बादल्यांना लाल रंग, आणि टायरला काळा. हो, टायरला! चाकाचे नट लाल करायचे, टायर काळा कुळकुळीत करायचा, म्हणजे लाइनीत उभ्या गाड्या अशा दिसतात की आत्ताच कारखान्यातून आल्यात. त्या रंगाचा रॉकेलसारखा उग्र वास हातांना चार-चार दिवस चिकटून राहायचा. जेवताना घास तोंडाजवळ नेला की तोच वास. आजही तो वास आला तर मी ताट सारून उठतो.

इन्स्पेक्शनच्या चार दिवस आधी फर्स्ट परेडला ढोणेचा हात पुढच्या डाव्या टायरवर थांबला. त्याने मला बोलावलं. साइडवॉलवर गोल गोल भेगा पडल्या होत्या, नख जाईल अशा. आणि पट्टा आणि भिंत जिथे मिळतात तिथे लिंबाएवढा फुगा आला होता.

एमटीचे सुभेदार साहेब, म्हणजे गाड्यांच्या विभागाचे प्रमुख, फेरी मारत आले. ढोणे सावधान झाला.

"साब, अगला बायाँ टायर खराब है. फुगा आया है. गाडी रोड पर नहीं जानी चाहिए."

सुभेदार वाकले. त्यांनी फुगा पाहिला. माझ्या डोळ्यांदेखत पाहिला, हे लक्षात ठेवा.

"बदली कर."

"स्टेपनी भी वैसी ही है, साब."

"तो इन्स्पेक्शन के बाद देखेंगे. अभी काला कर दे."

"साब, लेकिन..."

"काला कर!"

ढोणेने डबा घेतला, ब्रश घेतला आणि बसला. आमच्या तांबटांच्या घरी तांब्याचं भांडं चकचकीत करायचं ते ठोका कुठे चुकलाय ते दिसावं म्हणून. इथे चकाकी आणायची ती चूक झाकायला. भेगांमध्ये रंग भरला, फुग्यावर दोन हात दिले, दहा मिनिटांत टायर नवा नवरदेव झाला. ढोणे ब्रश पुसत म्हणाला, "मड्याला पावडर लावलीया, पुणेरी." आणि थुंकला.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं की जनरल साहेब ज्या मंडपात चहा घेणार तिथे कुंड्या कमी पडतात. सोलापूर रस्त्याला लोणीच्या पुढे नर्सऱ्या आहेत. तिथून भाड्याने आणायच्या. चांगल्या टायरच्या गाड्या रंग ओला म्हणून हलवायच्या नव्हत्या. ढोणेच्या गाडीचा रंग वाळला होता. बस्स, एवढ्यावर ठरलं.

ढोणे पुन्हा सुभेदारांपुढे उभा राहिला. सुभेदार म्हणाले, "फूल लाने हैं, तोप नहीं." मग ऑर्डर ती ऑर्डर. मी को-ड्रायव्हर, मागे चार जवान कुंड्या चढवायला.

जाताना काही झालं नाही. परत येताना हौदा भरला होता. शेवंती, झेंडू, क्रोटन. नर्सरीवाल्याने नुकतंच पाणी घातलं होतं, त्यामुळे एकेक कुंडी दगडासारखी जड. ऊन कडक, डांबर तापलेलं. सोलापूर रस्ता तेव्हा दोन पदरी होता. ढोणे ताशी चाळीसच्या वर गेलाच नाही. बैलगाडीमागे सुद्धा निवांत चालत होता, मागून ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या देऊन जात होते. मी काट्याकडे मुद्दाम बघत होतो, कारण माझंही काळीज त्या टायरमध्येच अडकलं होतं.

लोणी काळभोर जवळ आलं तसा पुढून आवाज सुरू झाला. धप, धप, धप. ओल्या कपड्यावर धोपटणं आपटावं तसा.

"पट्टा सुटतोय," मी म्हणालो.

"हां."

त्याने पाय वर घेतला. ब्रेकला पाय लावला नाही, बरोबरच केलं. अशा वेळी ब्रेक मारला की गाडी फिरते. वेग कमी व्हायला लागला होता, अजून थोडी जागा मिळाली असती तर आम्ही रस्त्याकडेला थांबून बिडी ओढली असती. पण नक्षीचा पट्टा एकदम सोलून निघाला, मडगार्डवर आदळला, आणि त्याच झटक्यात साइडवॉल फाटली. गाडी डावीकडे ओढली गेली.

डावीकडे एसटीचा थांबा होता. बाजाराचा दिवस. पाट्या घेतलेल्या बाया, कडेवरची पोरं, मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली म्हातारी. मी त्यांचे चेहरे पाहिले. एक बाई आमच्याकडे बघून हसत होती, फौजी गाडी आली म्हणून.

"धरून बस," ढोणे म्हणाला.

त्याने अख्ख्या अंगाचा भार टाकून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं आणि गाडी रस्त्यापलीकडे नेली. समोरून काही येत नव्हतं. पलीकडे चिंचेचं झाड होतं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. झाड त्याच्याच बाजूला आलं.

मागचे चौघे वाचले, एकाचा हात मोडला. माझं कपाळ काचेवर फुटलं. थांब्यावरच्या कुणालाही खरचटलं नाही. त्याच बाया पळत आल्या, मेथीवाल्या म्हातारीने पदर फाडून माझ्या कपाळाला बांधला. ढोणेला बाहेर काढलं तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. मी त्याला हाका मारल्या. तो गेला होता.

रस्त्यालगतच्या दुकानातून मी फोन केला. एक्सचेंजने एमटीला जोडून दिलं. सुभेदार साहेबांनीच उचलला.

"साब, ॲक्सिडेंट हुआ है. ढोणे गया."

"जख्मी कितने?"

"एक का हाथ टूटा है. मुझे सिर में लगी है."

"गमले?"

मला वाटलं, कानात रक्त गेल्यामुळे नीट ऐकू येत नाही. "जी, साब?"

"गमले कितने बचे?"

कुंड्या विचारत होते! मी फोन ठेवला. तासाभराने दुसरी गाडी आली. मागोमाग आलेल्या ॲम्ब्युलन्समध्ये आम्हा जखमींना चढवलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत न फुटलेल्या कुंड्या, शेवंतीवरचे काचेचे तुकडे झटकून, त्या दुसऱ्या गाडीत भरल्या गेल्या. हे मी रचून सांगत नाही. माणूस रस्त्यावर चादरीखाली, आणि कुंड्यांची भरती चालू. शी!

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन झालं. कपाळाला टाके म्हणून मला मागच्या रांगेत उभं केलं, दिसायला बरं दिसत नाही ना! जनरल साहेब गाड्यांच्या लाइनीतून चालत गेले. एका टायरपुढे थांबून म्हणाले, "व्हेरी गुड टर्नआउट." म्हणजे थाटमाट झकास. आमचे सुभेदार कौतुकानं लाजले. मंडपात शेवंती छान दिसत होती, असं नंतर कळलं.

ढोणेला गावी पोचवायला दुसऱ्या एका नाईकला पाठवलं. त्याला जे पढवलं तेच त्याने तिथे सांगितलं: गाडी तेज होती. एका वाक्यात सगळं मिटलं. मेलेला माणूस काही उलट रिपोर्ट देत नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली, म्हणजे खात्याची चौकशी. प्रमुख बाहेरच्या युनिटचे एक मेजर होते. सुभेदार म्हणाले, टायरबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं, नक्षी नवीन होती, ड्रायव्हर जोरात होता. हा माणूस काही राक्षस नव्हता. दिवाळीला आम्हाला घरचे लाडू वाटायचा. पेन्शनला थोडे महिने उरले होते आणि रेकॉर्ड स्वच्छ हवं होतं. म्हणूनच मला त्याची जास्त शिसारी येते. राक्षसाचं निदान तोंड तरी ओळखू येतं.

मी सांगितलं, "साहेब, ढोणेने रिपोर्ट दिला तेव्हा मी तिथे होतो. सुभेदार साहेबांनी वाकून फुगा पाहिला. आणि गाडी चाळीसच्या वर नव्हती."

मेजर उठले. टायर समोर ठेवला होता, फाटलेला, पण उरलेला भाग तसाच काळाभोर. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि साइडवॉलवर जोरात ओढली. रंगाची सालपटं निघाली. खाली करडं रबर, आणि आटलेल्या तळ्यासारख्या भेगा. त्यांनी आपल्या बोटाकडे बघितलं. काळं झालं होतं. ते रुमालाने कितीतरी वेळ पुसत होते.

निकाल असा आला: वाहनातील बिघाडामुळे अपघात, कोणाचाही दोष नाही. वा! म्हणजे टायर रात्री आपणहून उठला, डबा उघडला आणि अंगाला रंग फासून परत गाडीला जाऊन बसला. सुभेदार मानाने रिटायर झाले, हार घालून. ढोणेवर दोष आला नाही, पण त्याच्या गावात ही बातमी द्यायला कुणी गेलंही नाही.

टायर भंगारात गेला. मी हॅकसॉने त्याचा वीतभर तुकडा कापून घेतला. सरकारी मालमत्तेची चोरी म्हणा हवं तर. अर्ध्या तुकड्यावर रंग तसाच ठेवला, अर्धा रॉकेलने धुऊन काढला. रजा मिळाल्यावर पिशवीत घालून एसटीने त्याच्या गावी गेलो.

पारावर दहा-बारा माणसं होती. ढोणेचे वडील, आबा, घोंगडी पांघरून बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर एक जण हळहळला, "पोरगं गुणाचं हुतं. पर गाडी लई पळवायचं म्हनं."

मी तुकडा काढून आबांच्या हातात दिला. म्हटलं, "आबा, आधी काळ्या बाजूवरून हात फिरवा. आता दुसऱ्या."

आबांनी मुलासारखाच उघडा तळवा फिरवला. भेगांवर बोटं थांबली. "ह्ये रबार हाय? ह्याच्यावर माझ्या पोराला धाडला?"

"हो. त्याने नको म्हणून सांगितलं होतं. दोनदा. आणि गाडी बैलगाडीमागून चालली होती, आबा. बाजारातल्या बाया वाचाव्यात म्हणून त्याने ती झाडाकडे घेतली."

तुकडा पारावर हातोहात फिरला. मघाचा माणूस उठून गेला. वहिनी, म्हणजे ढोणेची बायको, देवळाच्या भिंतीआड उभी होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "पळवत नव्हते न्हवं?"

"नाही वहिनी."

तिने तो तुकडा मागून घेतला आणि पदराखाली धरून घरी नेला.

मी दर खंडेनवमीला तिकडे जातो. ओसरीवर हत्यारं मांडतात: नांगराचा फाळ, कुऱ्हाड, मेंढ्यांची लोकर कातरायची कातर, हल्ली धाकट्या दिराच्या पिकअपच्या किल्ल्या. त्यातच तो तुकडा असतो. पहिल्या वर्षी दिराने सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि बोट तुकड्याकडे नेलं. वहिनीने त्याचं मनगट धरलं. तुकड्याची अर्धी काळी बाजू तिने घासून घासून कधीच साफ केली होती.

"त्येला काय बी लावायचं न्हाय," ती म्हणाली. "हाय तसं दिसू दे."