लाल लेदर आणि साधं पाणी

बायको हयात असती तर तिलाही मी हे सांगितलं नसतं. मुलाला सांगितलं नाही, सुनेला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि वाचून झाल्यावर माझ्यासमोर मान खाली घालून बसणार नाही. चौथीनंतर शाळा सुटली, अक्षर पान्यानं काढल्यासारखं आहे. पण काय लिहायचंय ते पक्कं ठाऊक आहे.

मी मिरजेचा. जन्मभर गॅरेज चालवलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तिचं कुठलं बेअरिंग गेलंय ते ओळखायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, आप्पा, जरा बघा की; मी म्हणायचो, बघायचं काय, ऐकलं मघाशीच. ही फुशारकी नाही — बरं, आहे. पण खरी आहे. एक खोटी फुशारकीही मी केली, आणि ती खरीपेक्षा जास्त चालली. तिच्याकडंच यायचंय. येतो.

माझा मुलगा हेमंत जर्मनीत, नेकारसुल्मला, मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. दोन हजारनंतरची ती वर्षं. फोनकार्डावरचा नंबर खरडून मिरजेला फोन लावायचा जमाना. बायको गेल्यावर दिवाळी झाली की तो मला तिकडं बोलावून घ्यायचा. व्हिसा तीन महिन्यांचा मिळायचा, म्हणजे ऐन थंडी माझ्या वाट्याला. सून मधुरा पुण्याची. तिचं शिक्षण जर्मनीतच झालेलं, गाडी चालवायचं लायसनही तिकडंच काढलेलं. आणि ते लायसन काय सहज मिळतं? मास्तर शेजारी बसवून हायवेवर नेतात, अंधारात नेतात. पहिल्या झटक्यात पास झाली होती पोरगी.

पहिल्या खेपेला गेलो तेव्हा हेमंतच्या डोक्यात स्पोर्ट्स कार शिरलेली. दोन दारं, लांब नाक, इंजिनाची ओढ मागच्या चाकांना. घरात गाडी एकच असणार होती. तो कारखान्यात चालत जायचा. मधुराची लॅबोरेटरी लांब, गावाबाहेर, सकाळी वेळेवर बस नाही. म्हणजे हौस त्याची, पण थंडीत रोज चालवायची होती तिनं. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

आपल्याकडं तेव्हा गाडी घ्यायची म्हणजे रंग सांगायचा आणि पेढे आणायचे. तिकडं तसं नाही. तिकडं गाडी लग्नाच्या याद्यांसारखी ठरते — चाकं कुठली, शिवण कुठल्या दोऱ्याची, दिवे आपोआप धुतले जाणारे की साधे. शोरूममधल्या त्या जाड्या गृहस्थानं लेदरचे तुकडे टेबलावर असे पसरले, जसे साडीच्या दुकानात पदर टाकतात. मी एक लाल उचलला. गर्द लाल. ते लेदर झकास होतं, हे मी आजही म्हणेन. मग मी चाकं निवडली, सगळ्यांत रुंद. हेमंत खूश. मला जर्मन कळत नव्हतं, पण त्या टेबलाशी मीच मालक होतो.

मग त्या गृहस्थानं विचारलं, विंटरपाकेट? म्हणजे थंडीसाठीचा जोड — सीट गरम होणार, काचेवर पाणी उडवायच्या नळ्यांची तोंडं गरम राहणार. मधुरा लगेच म्हणाली, हे घ्यायचंच. लेदरपेक्षा आधी हे.

मी हसलो. म्हणालो, "बुडाखाली शेगडी कशाला? गाडी घेताय का बाळंतिणीची खाट?"

"आप्पा, जानेवारीत सकाळी त्या सीटवर बसा, मग सांगा," ती म्हणाली. हसत, पण हटून.

हेमंत तिला म्हणाला, "अगं, आप्पांनी लडाखला बर्फात मिलिटरीचे ट्रक चालवलेत. विचार ना त्यांना. ते नको म्हणतायत तर नको."

मधुरानं माझ्याकडं बघितलं. आदरानं बघितलं. कोण बघणार नाही? लडाख!

मी लडाखला कधी गेलो नाही.

घ्या. हे एक झालं. तरुणपणी उधमपूरला एका ठेकेदाराकडं मी टायर काढा-घालायचं काम करायचो. ट्रक वर लडाखला जायचे, परत यायचे, मी जमिनीवरच. बर्फ मी बघितला तो मडगार्डखाली चिकटलेला, चिखलात कालवलेला. लग्न ठरताना सासऱ्यांना ड्रायव्हर सांगितलं, कारण टायरवाल्याला मुलगी कोण देतो? पुढं पोराला गोष्टी हव्या असायच्या, मी सांगितल्या. कडे, खिंडी, बर्फात घसरणारा ट्रक आणि शेजारी बसलेला सुभेदार. तो सुभेदार मी इतका रंगवला होता की त्याला मिशाही दिल्या होत्या. पोरानं शाळेत निबंध लिहिला त्याच्यावर. आता तेच पोर शोरूममध्ये माझ्या लडाखच्या जोरावर बायकोचं म्हणणं खोडत होतं. तिथं तोंड उघडायचं होतं मी. उघडलं — पण म्हणालो काय? "बर्फात गाडी हातानं चालते, शेगडीनं नाही." विंटरपाकेट कटाप. बर्फाचे टायर तेवढे तिनं हट्टानं वेगळे घेतले, थंडीत त्याच रुंद चाकांवर चढवायला, म्हणून ती आज आहे. हे मला नंतर शोरूमवाल्यांच्या वर्कशॉपमध्ये कळलं.

पुढच्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा गाडी दारात होती. देखणी. मी बॉनेट उघडून कान लावला, तर हेमंत म्हणाला, आप्पा, हिला कान नाही, कॉम्प्युटर लावतात. पण तपासायचं काम मी माझ्याकडं घेतलं. ऑइल, हवा, पाणी. मला दुसरं काय काम होतं तिथं?

एका रविवारी मधुरा म्हणाली, "आप्पा, काच धुवायचं पाणी संपत आलंय. तळघरात निळ्या पाण्याचा कॅन आहे बघा, न गोठणारा. ते ओताल?" मी म्हटलं, ओततो की. कॅन उघडला, स्पिरिटचा भपकारा आला. इंजिनाच्या पाण्यात न गोठायचं औषध घालतात, हे मला कुणी शिकवायला नको. पण काच पुसायला औषध? मिरजेत मी हजार गाड्यांत नळाचं पाणी भरलंय. आणि खरं सांगू, मनात काय आलं? लडाखला कुणी घालत होतं असलं निळं पाणी! खोटं बोलून बोलून मी ते स्वतःलाच पुरावा म्हणून दाखवत होतो.

नळाचं पाणी भरलं. झाकण लावलं. हात पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाडं फोडणारी थंडी. गाडी रात्रभर बंद गॅरेजात, म्हणून पाणी टाकीत पाणीच होतं. हायवेवर पुढच्या ट्रकनं, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा राडा उडवला, मधुरानं काचेवर पाणी मारलं — आणि ते पाणी काचेवर पडल्या पडल्या गोठलं. सगळी काच पांढरी. समोर काही नाही. तिनं ब्रेक मारला. मागच्या चाकांवर ओढ असलेली गाडी, मी निवडलेल्या त्या चाकांवरची, फिरली आणि कठड्यावर जाऊन आदळली.

मनगट मोडलं. बाकी वाचली.

वर्कशॉपच्या आवारात गाडी बघायला हेमंतबरोबर मी गेलो. बंपर आत गेलेला, त्याच्या मागची पाण्याची टाकी फुटून मोकळी. ती टाकी फुटलेली बघून मला काय वाटलं माहीत आहे? बरं वाटलं. सून हॉस्पिटलात, आणि मला टाकी फुटल्याचं बरं वाटलं.

हेमंतनं विचारलं, "आप्पा, निळं पाणी घातलं होतंत ना? ती म्हणते, पाणी मारलं आणि बर्फ झाला."

"तू रांगत होतास तेव्हापासून गाड्या बघतोय मी," मी म्हणालो. "घातलं होतं."

घरी आलो आणि तो कॅन अर्धा संडासात ओतला, वापरलेला दिसावा म्हणून. वरून पाणी सोडलं. खिडकी उघडी ठेवली, वास जावा म्हणून. हे डोकं चालवून केलं. घाबरून नाही.

अजून एक आहे. तेच सगळ्यांत वाईट.

तिकडची मराठी मंडळी भेटायला आली. डबे घेऊन, मुलाबाळांसकट. मधुरा प्लास्टरचा हात उशीवर ठेवून सोफ्यावर बसलेली. एकजण म्हणाला, "वहिनी, आता सायकल घ्या, तिला बंपर नसतो." सगळे हसले, तीही हसली. मग म्हणाली, नाही हो, काच एकदम पांढरी झाली, काही दिसेचना. तेव्हा गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी गप्प बसलो नाही. मी सुभेदार काढला. म्हणालो, बर्फात पहिल्यांदा माणूस घाबरतो, ब्रेकवर उभाच राहतो, आणि मग त्याला वाटतं की काच पांढरी झाली. डोळ्यांपुढं पांढरं येतं ते भीतीचं. लडाखला भल्याभल्यांचं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हेमंतनंही. इतकी छान गोष्ट मी आधी कधीच सांगितली नव्हती.

मधुरा माझ्याकडं बघत राहिली. चिडली नाही. आठवायला लागली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं तिच्याकडून मी काढून घेतोय, हे मला त्याच क्षणी दिसत होतं. आणि मी चहा मागितला.

ती पुन्हा स्टिअरिंगवर बसली नाही. लॅबोरेटरीतली नोकरी, जिच्यासाठी ती तिकडं शिकली होती, सुटली. घराजवळ एका ऑफिसात कागद लावायचं काम धरलं. गाडी विकली. आता हेमंतची दुसरी गाडी आहे, तिच्यात ती शेजारच्या सीटवर बसते आणि ट्रक आला की दाराची मूठ धरते.

त्या खेपेचा व्हिसा संपत आला, मी परत निघालो. ती माझी बॅग भरून देत होती. हेमंत टॅक्सीचं बघायला खाली गेलेला. स्वेटरची घडी घालता घालता म्हणाली, "आप्पा, तुम्हाला त्यातलं कळतं म्हणून विचारते. मी खरंच घाबरले होते का हो? मला तसं आठवत नाही."

घरात आम्ही दोघंच होतो. दार लावलेलं. तिला काय हवं होतं, हे मला स्वच्छ कळत होतं.

मी म्हणालो, "होय पोरी. घाबरली होतीस."

तिनं मान हलवली, आणि माझ्या बॅगेची चेन ओढून बंद केली.