अक्काच्या हातावरची बाई

"दखाड हात," हे अक्काचं कुणाशीही पहिलं वाक्य. नाव, गाव, पगार या चौकश्या नंतर.

पिंप्राळ्याच्या आमच्या कॉलनीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरत होतं, हमाल एकमेकांना शिव्या घालत होते, आणि त्या गडबडीत एक ठेंगणी, नऊवारीतली बाई सरळ माझ्यापाशी आली. तिनं माझं मनगट धरलं, हात उलटा केला, सुलटा केला, बाही कोपराच्या वर सारली आणि जमलेल्या शेजारणींना निकाल सांगून टाकला, "बठ्ठा कोरा शे." म्हणजे सगळा कोरा. मला वाटलं, हात पाहून भविष्य सांगणारी असेल. पण हातावरच्या रेषांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती कातडी बघायची. गोंदलंय का, टोचलंय का, मेंदी शेवटची कधी लावली. एवढं कळलं की माणूस कळलं, असं तिचं मत. माझ्या नवऱ्याचीही तपासणी झाली. त्याच्या कानाच्या पाळीत लहानपणी टोचून पुढे बुजलेलं भोक तिनं दोन मिनिटांत शोधून काढलं. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी ते मला दिसलं नव्हतं. त्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते.

अक्का धुळ्याकडच्या एका खेड्यातली. नवरा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून होतं, त्यामुळे अक्काची मतं मला घरबसल्या ऐकू यायची. तिच्या स्वतःच्या कपाळावर हिरवा ठिपका, हनुवटीवर एक, उजव्या हातावर तुळशीवृंदावन आणि कानाच्या वरच्या कडेला पितळेची एक बारीक, काळवंडलेली बाळी. सोन्याचं तिला कौतुक नव्हतं. "सोनं सुना काढी लेतीन. हाई कोन काढी?" असं म्हणून ती तुळशीवृंदावनावर थोपटायची. वर गेल्यावर फक्त गोंदण बरोबर येतं, बाकी सगळं दारात काढून घेतात, हे ती अशा खात्रीनं सांगायची की जणू नुकतीच तिकडे जाऊन आली आहे.

मेंदीला ती भाड्याची खोली म्हणायची. पंधरा दिवस राहायचं आणि निघायचं. गोंदण म्हणजे स्वतःचं घर. मेंदी लाल झाली की नवऱ्याचं प्रेम जास्त, हे तर तिला अजिबात मान्य नव्हतं. तिच्या लग्नात तिची मेंदी काळी पडण्याइतकी रंगली होती, आणि नवरा मुलगा मांडवात जांभया देत होता. कॉलनीत ब्यूटी पार्लर निघालं आणि मेंदीचे कोन आले, तेव्हा ती तिथे जाऊन एक कोन हुंगून आली. याला बूटपॉलिशचा वास येतो, असं तिनं गिऱ्हाइकांसमोरच सांगितलं. पार्लरवालीनं पुढे महिनाभर तिच्याकडे पाहिलं नाही.

पुरुषांच्या गोंदणाबद्दल तर विचारूच नका. जत्रेत बॅटरीच्या मशिनीनं स्वतःचं नाव हातावर काढून घेणारे तुम्हीही पाहिले असतील. अक्काच्या मते हे सोयीचं असतं. माणूस पिऊन गटारीत सापडला तर कुणाच्या घरी पोचवायचा ते कळतं. कोर्टातल्या एका कारकुनांनी कॉलेजात असताना दंडावर विंचू काढून घेतला होता. पुढे दंड सुटला आणि विंचवाचा खेकडा झाला. अक्का त्यांना भर रस्त्यात विचारायची, खेकडा बरा आहे ना. आणि बायका नवऱ्याचं नाव का गोंदतात? भांड्यावर मालकाचं नाव घालतात तसं, असं ती म्हणायची.

कॉलेजची पोरं एका कानात बाळी घालू लागली तेव्हा घरोघरी बाप पिसाळले. अक्का पोरांच्या बाजूनं. यांच्या आजोबांच्या दोन्ही कानांत मुरक्या होत्या तेव्हा कुणी त्यांना गुंड म्हटलं नाही, हा तिचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. अर्थात तिचं सगळंच बिनतोड नव्हतं. डाव्या नाकपुडीत टोचलं की बाईचा राग उतरतो, असंही ती छातीठोक सांगायची. तिची स्वतःची डावी नाकपुडी टोचलेली होती. तिचा राग अख्ख्या कॉलनीला माहीत होता.

कॉलनीत अक्कापेक्षाही मान होता तो मात्र नानांच्या हाताला. त्यांच्या डाव्या हातावर, मनगटापासून वर, ठसठशीत अक्षरांत गोंदलेलं होतं 'मालती'. शेजारी गुलाबाचं फूल. आणि अक्काचं रेशनकार्डावरचं नाव मालती. बायकोचं नाव हातावर गोंदून घेणारा नवरा आमच्या कॉलनीत दुसरा नव्हता. बायका आपापल्या नवऱ्यांना नानांचं उदाहरण देऊन टोमणे मारत. नाना नळावर बादली घेऊन आले की त्यांना आधी पाणी मिळे. अक्का यावर काही बोलत नसे, हे खरं तर मला तेव्हाच खटकायला हवं होतं. जिला शेजाऱ्याच्या विंचवाबद्दल मत होतं, तिला घरातल्या गुलाबाबद्दल नव्हतं.

एका उन्हाळ्यात अक्काची आई वारली. अक्का माहेरी जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घालत होतो. तिनं एक बिबडी फडक्यावर पसरली. मग म्हणाली, "मन्ही माय गयी. आते माले भिका म्हननारं कोनीच नही."

मी विचारलं, भिका कोण. तेव्हा सगळं बाहेर आलं.

अक्काच्या आधीची तीन भावंडं जन्मून गेली होती. म्हणून ही झाल्यावर तिच्या आईनं गावात घरोघरी पदर पसरून मूठमूठ धान्य मागितलं, ते विकून पितळेची बाळी घेतली, पोरीच्या कानात घातली आणि नाव ठेवलं भिकाबाई. भीक मागून मिळालेलं पोर देव परत नेत नाही, अशी समजूत. नेलं नाही, हेही खरं. लग्नात सासरच्यांनी नाव बदलायचं ठरवलं होतं, मंगला. पण तांदळाचं ताट पुढे आलं तेव्हा नवऱ्या मुलानं अंगठीनं तांदळात लिहिलं, मालती. सगळे चकित. नाना तेव्हा लांब बाह्यांचा शर्ट घालत.

गोष्ट अशी की, नानांनी अठरा-एकोणीस वर्षांचे असताना जत्रेत गावातल्या एका मुलीचं नाव हातावर गोंदून घेतलं होतं. तिच्याशी ते एक अक्षर बोललेले नव्हते. तिला यावलकडे एका केळीवाल्याच्या घरी दिली, आणि आपल्या नावाचं एक घर कुणाच्या हातावर आहे हे तिला आजतागायत माहीत नाही. हातावरचं नाव पुसता येत नव्हतं. बायकोचं येत होतं. नानांनी मेकॅनिकच्या डोक्यानं विचार केला आणि जो पार्ट सुटा होता तो बदलला.

हे सगळं अक्काला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, सासरच्या एका लग्नात ती खरी मालती जेवायला शेजारी बसली तेव्हा एका नणंदेनं कानात सांगितलं म्हणून कळलं. बाई चांगली होती म्हणे. हिनं तिचा हात बघितला. त्यावर केळीवाल्याचं नाव होतं.

मी हसले. अक्काही हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "मन्हं नाव माले पायजे." बिबड्या उलटायच्या राहून गेल्या आणि सगळ्या एका बाजूनं वाकड्या झाल्या.

पुढच्या जत्रेत ती मला बरोबर घेऊन गेली. मशीनवाल्यानं सवयीनं मालकांचं नाव विचारलं. अक्का म्हणाली, भिकाबाई. त्याला वाटलं म्हातारीला ऐकू येत नाही, म्हणून त्यानं ओरडून पुन्हा मालकांचं नाव विचारलं. ही पुन्हा भिकाबाई. तेव्हा तो मला हळूच म्हणाला, "ताई, ही कुठल्या गावची देवी?" शेवटी मी पेनानं त्याच्या कागदावर नाव लिहून दिलं आणि त्यानं ते डाव्या हातावर गिरवलं. सगळ्या जगाला टोचून घ्यायचा सल्ला देणाऱ्या अक्कानं तेवढा वेळ माझं मनगट असं आवळून धरलं होतं की चार नखं उमटली.

परत येताना रिक्षात तिनं मला बजावलं, कॉलनीत तू एक शब्द बोलायचा नाही. "नाव त्यास्नी बदलं. सांगाले बी त्यास्नीच पायजे." तिला नुसतं गोंदण नको होतं. नानांच्या तोंडून ते नाव हवं होतं. नाना तिला आजवर 'आयकं का' अशीच हाक मारत आले होते.

नानांनी हात बघितला आणि ते सायकलला तेल घालायला बाहेर गेले. त्यांची अडचण समजू शकते. भिकाबाई कोण हे सांगायचं, तर मालती कोण हेही सांगावं लागलं असतं, आणि मग नळावरचा पहिला नंबर गेला असता.

इकडे कॉलनी कामाला लागली. अक्काला थेट विचारायची कुणाची छाती नव्हती, म्हणून कॉलनीनं स्वतःच उत्तर शोधलं. पुढच्या घरातल्या गुरुजींच्या बायकोनं ते पक्कं केलं: भिकाबाई म्हणजे नानांची पहिली बायको. वारलेली. पहिली बायको गेली की दुसरीनं सवतीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, अशी जुनी रीत आहेच. या बिचारीनं टाक हरवायला नको म्हणून हातावरच गोंदून घेतलं. केवढं मन! नानांना पानाच्या टपरीवर लोक हळहळून विचारू लागले. नाना म्हणायचे, जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे. यात खोटं काहीच नव्हतं. नळावर तर आता त्यांची बादली दुसरंच कुणीतरी भरून द्यायचं.

अशा रीतीनं अक्का स्वतःचीच सवत झाली. एकदा तर कमाल झाली. पितृपक्षात अविधवा नवमीला, सौभाग्यवती गेलेल्या बायकांसाठी सवाष्ण जेवू घालतात त्या दिवशी, गुरुजींच्या बायकोनं चांगल्या मनानं भिकाबाईच्या नावानं पान वाढलं आणि सवाष्ण म्हणून बोलावलं अक्कालाच. मलाही बोलावणं होतं. गुरुजींच्या बायकोनं डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाली, "भिकाबाई, तृप्त व्हा." अक्का चवीनं जेवत होती. ती म्हणाली, "खीरमा साखर कमी शे."

मला ठसका लागला तो थांबेना. पण संध्याकाळी अक्का तिच्या पायरीवर एकटी बसलेली दिसली. पदराचं ओलं टोक ती हातावरच्या नावावरून फिरवत होती. मी जवळ बसले. जिवंतपणी आपलंच श्राद्ध जेवून आले, आणि घरात बसलेल्या माणसाला सगळं माहीत असून तो गप्प आहे, असं ती नाना आत ऐकतील इतक्या मोठ्यानं म्हणाली. आतून रेडिओवरच्या बाजारभावांचा आवाज वाढला. त्या दिवशी मला नानांचा फार राग आला. ती स्वतः हसत होती म्हणून मीही तिचं दुःख हसण्यावारी नेलं होतं, पण ते तसं नव्हतं.

पुढच्या वर्षी नाना निवृत्त झाले आणि दोघांनी धुळ्याकडे गावी जायचं ठरवलं. सामानाचा ट्रक दारात आला तेव्हा निरोपाला सगळी कॉलनी गोळा झाली. अक्का मात्र माझ्या घरात होती. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची, आणि तिचे कान टोचल्याशिवाय आपण गाव सोडणार नाही असं अक्कानं जाहीर केलेलं. एक कान झाला होता. पोर रडून रडून माझ्या खांद्यावर निपचित पडली होती. अक्का दुसऱ्या कानासाठी सुई दिव्यावर धरत होती.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "आयकं का," नानांनी हाक मारली. अक्का सुई बघत राहिली. पुन्हा हॉर्न, पुन्हा "आयकं का". ड्रायव्हर कटकट करायला लागला. आणि मग ऐकू आलं, "भिका. ओ भिका."

मी खिडकीतून पाहिलं. नाना ट्रकच्या फाळक्याला धरून उभे होते. गुरुजींची बायको घाबरून पुढे झाली आणि म्हणाली, नाना, बरं वाटत नाही का, त्या तर गेल्या ना. नानांनी एकदा स्वतःच्या हातावरच्या गुलाबाकडे बघितलं.

"कोनी गयेल नही," ते म्हणाले. "हाईच भिका शे. मन्ही बायको. मालती मी लिखेल व्हतं."

मी वळून अक्काला म्हटलं, अक्का, नाना बोलावतायत. तिनं ऐकलं होतं. सुईत दोरा तिला ओवता येईना, तो शेवटी मीच ओवून दिला.

"आखो एकदा बलावू दे," ती म्हणाली.

बाहेर नानांनी पुन्हा हाक मारली, या वेळी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. आणि मग अक्कानं, एरवी जिचा आवाज दोन भिंती ओलांडून यायचा त्या अक्कानं, मला जेमतेम ऐकू येईल इतकी हळू ओ दिली.