कुहीच्या बांध्यांचे फोटो

विहिरीच्या पायरीवरून घसरून माझ्या बायकोच्या मांडीचे हाड मोडले आणि ती वर्षभर आमच्या नागपूरच्या घरातून हलली नाही. तिचे माहेर कुहीकडचे, धान पिकवणारे. धानाची रोपे लावायच्या, रोवणीच्या दिवसांत गावाच्या आठवणीने ती रडली, तेव्हा मी म्हणालो, "मी गाव इथे आणतो." माझ्याकडे तिपाईवरचा कॅमेरा होता आणि हात चांगला होता, हे मी संकोच न करता लिहितो.

छोट्या रेल्वेगाडीने मी प्रत्येक ऋतूत गेलो. पाण्याने भरलेल्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, उलटे पडलेले ढग टिपले. दिवाळीआधी वाकलेल्या लोंब्या, पौषात धुक्यातली धसकटे, फाल्गुनात पळस. त्या काळी फोटो काचेवर उतरे आणि तिच्यावर लाल रंग काळा उतरे, म्हणून फुले उजळ आभाळावर धरली आणि फांदीचा डौल पकडला. ते फोटो मला आजही आवडतात. तिच्यासाठी जातो, असे मी सांगत असे. खरे तर तिला खाटेवर सोडून निघताना मला हलके वाटे. त्याची लाज अजून गेलेली नाही.

मला फोटोत फक्त निसर्ग हवा असे. सासरे मात्र नेमके बांधावर येऊन उभे राहत. मी काळ्या कापडाखालून हात हलवी.

"सरकू काय, जवाईबापू?"

"थोडे अजून."

"माह्या थोबाडानं काच फुटते काय जी?" असे म्हणून ते हसत बाजूला होत.

पळसाचा फोटो वाळला त्या दिवशी बायकोने सगळे फोटो अंथरुणावर मांडले आणि बराच वेळ पाहिले.

"अवो, आमचं गाव उठून गेलं काय?"

"म्हणजे?"

"बांध्या हायेत, पळस हाये. मानूस कोठी हाये? बाबा तं दिवसभर तेथंच राह्यते."

ते तिथेच होते, मीच त्यांना हलवले, हे मी सांगितले. तिने फोटो गोळा करून उशाशी पालथे ठेवले आणि भिंतीकडे तोंड केले.

चैत्रात पुन्हा गेलो. कॅमेरा लावताच सासरे सवयीने सरकले. मी त्यांचा दंड धरून त्यांना पळसाच्या नव्या पालवीसमोर उभे केले. हलू नका म्हटले तरी ते बोलतच राहिले. ओठ पुसट आले, अर्धी पालवी पागोट्याआड गेली. निसर्गाचा फोटो म्हणून तो फुकट. मी तोच घरी आणला.

तिने तो उजेडाकडे धरला.

"किती वाळले वं माय, बाबा! तुम्ही मले सांगतलं नाही."

मी पाहिलेच नव्हते. तसे तिला म्हणालो.

"मंग आता मले न्या."

"आणि पाय?"

"पायाचं मी पाहीन. तुम्ही गाडीचं पाहा."

स्टेशनापर्यंत मी बैलांची दमणी ठरवली. डब्यात चढवताना ती कळवळली, माझ्या धांदरटपणाबद्दल मला दोन शब्द सुनावले आणि खिडकीशी बसली. तिचा पाय मी माझ्या मांडीवर घेतला.

समोरच्या बाईने विचारले, "कोठी चालली वं?"

"बाबाले पाहाले," ती म्हणाली.