रिकाम्या टाकीला दाणे

फिल्टरच्या स्पंजमध्ये गाळ साठतो ना, तसे माझ्या दुकानात किस्से साठतात. आणि गाळासारखेच, ते धुऊन टाकायचे नसतात. नवीन गिऱ्हाइकाला हे कळत नाही, म्हणून तर रोज नवा किस्सा!

बाळकुमला माझं छोटंसं दुकान आहे, फिशटँकचं. मासे विकते, पण लगेच विकत नाही, म्हणून बदनाम आहे. टाकी न्या, पाणी भरा, फिल्टर चालू करा आणि रिकाम्या टाकीत रोज माशांच्या खाद्याचे चिमूटभर दाणे टाका. दाणे कुजतात, पाण्यात विष तयार होतं आणि ते विष खाणारे जिवाणू स्पंजमध्ये हळूहळू वाढतात. विरजण लावल्यासारखंच आहे, फक्त दही एका रात्रीत होतं आणि याला महिना-दीड महिना लागतो. दर रविवारी बाटलीत पाणी आणून मला दाखवायचं. मी त्यात टेस्टचे थेंब टाकते. हिरवं झालं तर थांबा, पिवळं झालं तर मासे.

घोडबंदर रोडचा निखिल, आयटीवाला, हे ऐकून हसायलाच लागला. किराणा दहा मिनिटांत येतो, मासे दीड महिन्यांनी? मी म्हटलं, "पोर नऊ महिन्यांनी येतं. ते पण दहा मिनिटांत मागवून बघ."

दुसऱ्याच रविवारी पठ्ठ्या बाटली घेऊन हजर. थेंब टाकले, पिवळंधम्मक! पण तयार पाण्याची अजून एक टेस्ट असते, त्यात लालसर रंग यावा लागतो. तो काही येईना. मी निखिलकडे बघितलं, तो छताकडे बघायला लागला. मग मी त्याच्यासमोर बाटली तोंडाला लावली आणि अर्धी पिऊन टाकली. घरचं प्युरिफायरचं पाणी होतं, दुसरं काय!

तेव्हा कुठे कबूल झाला. एकटाच राहतो, रात्री ऑफिसातून येतो, दार उघडल्यावर घरात काहीतरी हलताना दिसावं असं वाटतं म्हणाला. मला फार वाईट वाटलं. चहा पाजला. मासे नाही दिले.

* * *

आमचे गिऱ्हाईक नाना मूळचे बाळकुमचेच. शेतं होती, स्वतःचा तलाव होता. जमीन गेली, टॉवर झाला आणि त्याच टॉवरमध्ये नाना अठराव्या मजल्यावर राहायला गेले. त्यांच्या तलावात बोटभर मासा असायचा, डोक्यावर टिकलीएवढा चमकता ठिपका. लहानपणी ओंजळीत धरायचे. टाकीत त्यांना तोच पाहिजे.

मी गप्पी दाखवले, एंजल दाखवले, निळे-लाल टेट्रा दाखवले. "रंगीत हायेत," म्हणाले आणि मान फिरवली.

सहाव्या आठवड्यात त्यांचं पाणी तयार झालं. मी म्हटलं, नाना, आता काहीतरी घ्या, टाकी किती दिवस रिकामी ठेवणार? तर म्हणाले, "नाय बाय. तो गावला का घेन." दाणे थांबवले तर जिवाणू मरतील, हे मीच सांगून बसलेले. मग काय, कोणी नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर दाणे, आणि रविवारी न चुकता बाटली माझ्या काउंटरवर. माझे थेंब संपत आले, नाना काही थकले नाहीत.

* * *

अश्विनी पण माझं गिऱ्हाईक; तिच्या टाकीचा तिसावा दिवस होता. पाहुणे येणार म्हणून तिच्या सासूबाईंनी तो कळकट स्पंज भांड्यांच्या साबणाने लख्ख घासला आणि बाल्कनीत चिमटे लावून वाळत घातला. जिवाणू खलास, महिनाभराची मेहनत पाण्यात. अश्विनी दुकानात येऊन रडली.

पुढच्या रविवारी बाटली घेऊन सासूबाई स्वतःच आल्या. म्हणाल्या, आता माझ्याकडे द्या, ती नुसती रडते.

या साताऱ्याकडच्या. गावाला दारात पंधरा-वीस कोंबड्या असायच्या, इथे चौदाव्या मजल्यावर दाणे टाकायचे कुणाला? आता रोज दिवेलागणीला टाकीपुढे उभ्या राहतात, चिमूट सोडतात आणि "या गं, या" म्हणतात. अश्विनी एकदा न राहवून म्हणाली, "आई, आत कोणी नाहीये."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "यायच्या आहेत ना?"

* * *

नानांचा धीर एकदाच सुटला. सरळ खाडीवर गेले आणि सात निवट्या धरून आणल्या. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात चालणारा मासा. पाण्यात गप्प बसणं तिला माहीतच नाही. दुपारी नानांचा डोळा लागला आणि सातही जणी टाकीतून बाहेर! एक सोफ्यावर, एक चपलांच्या रॅकमध्ये, एक पडद्याला लटकलेली. सुनेने घरभर शोधून सातही गोळा केल्या आणि संध्याकाळी कालवण केलं.

हे मला नानांनीच सांगितलं, खाली मान घालून. चव बरी होती म्हणाले. मी हसून हसून बेजार. मग नानांनी खिशातून बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि हळूच म्हणाले, "पन बाय, तो नव्हता." माझं हसू तिथेच थांबलं. दुकानभर मासे, आणि या माणसाला देण्यासारखा एक नाही.

* * *

गणपती होऊन गेलेले. मंगळवार, दुपारची वेळ. नाना कधी मंगळवारी येत नाहीत. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पाय चिखलाने भरलेले, धापा टाकत होते. बाटली काउंटरवर ठेवली. मी सवयीने थेंबांची डबी काढली, तर माझा हात धरला.

"टेस नको. बग."

बाटलीत पाण्याच्या अगदी वरच्या थराला बोटभर मासा होता. वळला तेव्हा डोक्यावरचा ठिपका चमकला.  मी विचारलं, नाना, कुठे मिळाला?

"खाली. पार्किंगात."

त्यांच्या टॉवरच्या सगळ्यात खालच्या बेसमेंटला पाऊस लागला की जमिनीतून पाणी वर येतं. सोसायटी पंप लावून उपसते. आज वॉचमनने नानांना हाक मारली, म्हणाला, पाण्यात काहीतरी वळवळतंय. नाना लिफ्टने खाली गेले आणि गाड्यांच्या मधे गुडघाभर पाण्यात उभे राहिले.

"माजे बापाचा तलाव तितंच व्हता," नाना म्हणाले. "बुजवला बोलत व्हते."

"किती आहेत?"

"लय हायेत. चारला पंप लावनार. तुज्याकरं जाल्या किती हायेत?"

साडेतीन वाजले होते. दुकानात छोट्या-मोठ्या मिळून अकरा जाळ्या होत्या. अकराही बादलीत टाकल्या आणि शटर खाली ओढलं.